घर कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे?

धायरीत पन्नास लाखांची सदनिका घेणारा एखादा शिक्षक किंवा कारकून ती प्रत्यक्षात किती वेळ पाहतो, याचा हिशेब मांडला तर तो चिंता वाटावी इतका अल्प निघेल. एका रविवारी दलालाबरोबर एक फेरी, पुढच्या रविवारी पत्नी-मुलांसह दुसरी, आणि गावाकडून वडील आले म्हणजे त्यांच्यासाठी तिसरी. तिन्ही फेऱ्या मिळून तास-दीड तास. तेवढ्या वेळात सोफा कोठे बसेल, ओट्याचा ग्रॅनाइट कसा आहे, बाल्कनीतून सिंहगड दिसतो की नाही, हे पाहून होते. भिंतीला कोणी हात लावीत नाही. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून ते कोणत्या बाजूला वाहते हे कोणी पाहत नाही. गच्चीवर तर कोणी जातच नाही. आणि एवढ्या पाहणीच्या भरवशावर चाळीस लाखांचे कर्ज काढले जाते. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या मुदतीत त्याचा मासिक हप्ता सुमारे ३४ हजार ७०० रुपये पडतो आणि फेडीअखेर बँकेत भरलेली रक्कम ८३ लाखांवर जाते. मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात यापेक्षा मोठी खरेदी करीत नाही, आणि यापेक्षा कमी तपासून केलेली खरेदीही बहुधा करीत नाही.

हा निष्काळजीपणा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. हाच माणूस कागदपत्रांच्या बाबतीत कमालीचा दक्ष असतो. सात-बारा, मंजूर नकाशा, वकिलाचा शोध अहवाल, महारेराचा नोंदणी क्रमांक, भोगवटा प्रमाणपत्र या साऱ्यांची तो फाईल करतो. कागद वाचणे हा त्याच्या रोजच्या कामाचाच भाग आहे. परंतु कागद निर्वेध असलेले घर गळके असू शकते, आणि स्लॅबमधले पाणी कोणत्याही दस्तऐवजात नोंदलेले नसते. घर वाचता येण्याची विद्या वेगळी आहे. ती घेणाऱ्याजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ आहे ते या व्यवहारात त्याच्या बाजूचे नाहीत. प्रश्नाचे खरे मूळ येथे आहे.

या व्यवहारात तज्ज्ञांची वाण आहे असे नाही. उलट त्यांची दाटीच असते. बिल्डरचा वास्तुविशारद असतो, त्याचा स्ट्रक्चरल इंजिनिअर असतो, जागेवरचा अभियंता असतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने खरेदीदारांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन घातले आणि ती काढताना अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांची प्रमाणपत्रे आवश्यक केली. ही तरतूद निःसंशय मोलाची आहे. परंतु ही प्रमाणपत्रे बांधकाम किती झाले याविषयी असतात, आणि ती देणाऱ्यांची फी व्यवहारात विकासकच देतो. बँकेचा मूल्यांकनकार घरी येतो, दहा-पंधरा मिनिटे थांबतो, छायाचित्रे घेतो. कर्ज बुडाले तर घर विकून ते वसूल होईल काय, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे असतो. न्हाणीघराखाली ओल आहे किंवा नाही, यावर त्या प्रश्नाचे उत्तर सहसा अवलंबून नसते. दलालाविषयी तर बोलायलाच नको. सौदा झाला तर त्याला शेकडा एक-दोन टक्के मिळतात, मोडला तर काहीच मिळत नाही. या मंडळींत अप्रामाणिक कोणी असेलच असे नाही. त्यांचा हितसंबंध मात्र सौदा पुरा होण्यात आहे, आणि हितसंबंध माणसाच्या नजरेला नकळत वळण लावतो.

बँकेने पाहिले आहे म्हणजे झाले, हा समज आपल्याकडेच आहे असे नव्हे. इंग्लंडमध्ये नॉरिच येथील एका महिलेने कर्ज देणाऱ्या संस्थेच्या मूल्यांकन अहवालावर विसंबून एक साधे घर घेतले. अहवालाची फी तिनेच भरली होती आणि त्यात महत्त्वाची दुरुस्ती नको असे म्हटले होते. धुराड्याचा खालचा आधार पूर्वीच कोणी काढून टाकला होता, वरचा भाग मात्र तसाच लोंबकळत राहिला होता. दीड वर्षाने तो छत फोडून खाली आला. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि १९८९ मध्ये तेथील न्यायाधीशांनी मूल्यांकनकाराला जबाबदार धरले. बेताच्या किमतीचे घर घेणारा माणूस याच अहवालावर विसंबतो, वेगळी पाहणी करून घेत नाही, हे मूल्यांकनकाराला ठाऊक असते, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. निकाल महिलेच्या बाजूने लागला खरा, पण त्यासाठी छत कोसळावे लागले आणि देशातल्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जावे लागले. आपल्याकडे बँकेच्या मूल्यांकन अहवालाची प्रत मागून घेणारा कर्जदारदेखील विरळा.

विक्रेत्याला मालाची प्रत ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात, अशा बाजाराचे काय होते, याचे विवेचन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या निबंधात केले. (तीन नियतकालिकांनी साभार परत केलेला हा निबंध पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकाला कारण झाला, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.) त्यांचे उदाहरण जुन्या मोटारींचे होते. कोणती गाडी चांगली व कोणती खराब हे गिऱ्हाइकाला कळत नाही. म्हणून तो सरासरी प्रतीची किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. उरलेल्या मालाची सरासरी आणखी खाली येते, तशी किंमतही उतरते, आणि हे चक्र चालू राहते. खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हुसकावते तसाच हा प्रकार. त्याच निबंधात भारतातील सावकारी कर्जबाजाराचाही विचार आहे.

हा सिद्धांत बांधकामाच्या जागेवर नेऊन पाहावा. स्लॅब ओतल्यावर तो ओला ठेवावा लागतो. काँक्रीटविषयीचे भारतीय मानक ४५६ सांगते की साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस पाणी मारले पाहिजे, आणि मिश्र सिमेंट असेल किंवा हवा उष्ण व कोरडी असेल तर किमान १० दिवस. एप्रिल-मे महिन्यांत टँकर विकत घेऊन दहा दिवस स्लॅब भिजवणाऱ्या बिल्डरला खर्च येतो. तीन दिवसांत पाणी बंद करणाऱ्याचा तो वाचतो. दोन वर्षांनी दोन्ही इमारतींना सारखाच रंग लागलेला असतो. वाचलेल्या पैशांतून दुसऱ्याने प्रवेशद्वाराशी संगमरवर बसवला, तर गिऱ्हाईक त्याच्याकडे वळते. प्रामाणिक बांधकामाला बाजारात किंमत येत नाही, कारण ते दिसत नाही. घराचा स्वतंत्र तपासनीस घेणाऱ्याचे हित पाहतो हे तर झालेच. पण जो बिल्डर मन लावून काम करतो त्याचीही बाजू तोच दृश्य करतो. या दृष्टीने पाहिले तर चांगल्या बिल्डरांनी अशा तपासणीचा आग्रह स्वतः धरायला हवा होता.

सोन्याच्या बाबतीत हे आपण मान्य केले आहे. जून २०२१ पासून देशातील अनेक जिल्ह्यांत हॉलमार्कशिवाय दागिने विकण्यास टप्प्याटप्प्याने बंदी आली. हा छाप सराफ स्वतःच्या हाताने मारीत नाही. परीक्षण केंद्र वेगळे असते. दहा ग्रॅमच्या अंगठीला जी व्यवस्था आहे, ती पाचशे चौरस फुटांच्या घराला नाही. घर तपासण्याचा कोणताही सरकारी परवाना आपल्याकडे अस्तित्वात नाही.

धायरीसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक टोकदार होतो, त्याला कारणे आहेत. मूळचे हे शेतीचे गाव. सिंहगड रस्त्यावरून शहर वडगावच्या पुढे सरकले तसे फाट्यापासून गावठाणापर्यंत, गारमाळ, बेनकर वस्ती, रायकर मळा या नावांनी ओळखली जाणारी राने इमारतींखाली गेली. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये पुणे महापालिकेत जी अकरा गावे आली त्यांत धायरी होती. शेजारच्या नऱ्ह्याचा समावेश २०२१ मध्ये झाला. म्हणजे आज जी घरे पुनर्विक्रीसाठी बाजारात येतात, त्यांतील पुष्कळशी महापालिकेचा बांधकाम विभाग या गावांत पोचण्याआधीची आहेत. त्यांत मोठे, रीतसर मंजुरीचे प्रकल्प आहेत, तसेच दोन-तीन गुंठ्यांवर उभे राहिलेले चार-पाच मजलेही आहेत. गुंठेवारीतील बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याने २००१ मध्ये कायदा केला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदतरेषा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. नियमितीकरणाने बांधकामाला कायद्याचे छत्र मिळते. कॉलममधले लोखंड मात्र जेवढे होते तेवढेच राहते.

स्थावर संपदा कायद्यातही याच ठिकाणी एक खिंडार आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या बांधकामाला महारेराची नोंदणी सक्तीची नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांना जरासे कमीच. दिल्लीत बसून पाहणाऱ्याला ही सवलत क्षुल्लक वाटली असेल. धायरी-नऱ्हे-आंबेगावच्या पट्ट्यात ती छोट्या इमारतींच्या मोठ्या वर्गाला लागू पडते. आणि नेमका हाच वर्ग ज्याला परवडतो, तो खरेदीदार वकील-अभियंत्यावर खर्च करण्यास सर्वांत कमी धजावतो.

परिणाम केवळ ओल आणि पोपडे एवढ्यावर थांबत नाहीत. ३१ ऑक्टोबर २०१४ च्या पहाटे नऱ्हे-आंबेगाव परिसरात एक बहुमजली इमारत कोसळली आणि एका तरुणाचा जीव गेला. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली; १६ जण दगावले. ती फारतर दशकभराची होती. जुन्या वाड्यांची पडझड पुण्याला नवी नाही. परंतु नवी इमारत पडते तेव्हा वयाचे कारण पुढे करता येत नाही. २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत कोसळून तिच्याखाली मजुरांच्या झोपड्यांतील १५ माणसे मेली. सदनिका घेताना त्या आवाराच्या भिंतीकडे कोणत्या खरेदीदाराने पाहिले असेल?

तपासनीस करतो काय, हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण त्याविषयी गैरसमज बराच आहे. चांगला तपासनीस दिवाणखान्यापासून सुरुवात करीत नाही. तो आधी इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला, सांडपाण्याचे पाइप उतरतात त्या डक्टपाशी जातो. इमारतीचा दर्शनी भाग विकण्यासाठी रंगवलेला असतो, मागचा भाग कोणी पाहणार नाही या समजुतीने सोडलेला असतो. पाइपांच्या सांध्यांखाली शेवाळ आहे का, भिंतीवर पांढरे क्षार फुलले आहेत का, हे तेथे एका दृष्टिक्षेपात कळते. मग तो गच्चीवर जातो. तेथे कोबा कसा आहे, उतार पावसाळी नळांकडे आहे की उलट, कठड्याशी गोलाई दिली आहे का, टाकीखालचा भाग ओला आहे का, हे पाहतो. वरच्या मजल्याचा ग्राहक असेल तर या एका फेरीत त्याची फी वसूल होते.

घरात आल्यावर त्याची हत्यारे फार साधी असतात. ओळंबा, गुण्या, पाणसळ, मोजपट्टी, बॅटरी आणि एक लहान हातोडी. ओळंब्याने कॉलम सरळ आहे का ते कळते. हातोडीच्या हलक्या ठोक्याने फरशी पोकळ वाजली, तर तिच्याखाली माल भरला गेलेला नाही; अशी फरशी दोन वर्षांत उखडते. मोजपट्टीने तो चटई क्षेत्र मोजतो. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे त्यात आतल्या भिंती धरल्या जातात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरल्या जात नाहीत. मापात पंधरा चौरस फूट कमी भरले आणि दर चौरस फुटाला आठ हजार रुपये असेल, तर १ लाख २० हजार रुपयांचा फरक पडतो. ओलावा मोजण्याचे यंत्र, विजेचे सॉकेट तपासण्याचा टेस्टर ही अलीकडची भर. अर्थिंग नुसते नावाला आहे की खरोखर जमिनीला पोचले आहे, हे कळण्यास दोन मिनिटे लागतात. न्हाणीघरात तो जाळी बंद करून पाणी कोंडतो आणि शक्य असेल तर ते २४ तास तसेच ठेवून खालच्या मजल्यावरचे छत पाहण्याची परवानगी मागतो. खालचे बिऱ्हाड परवानगी देते की दार लावून घेते, यावरूनही त्याला बरेच समजते.

भेगांच्या बाबतीत तर घेणारा दोन टोकांना जातो: एक तर घाबरतो, नाही तर दुर्लक्ष करतो. विटांची भिंत आणि काँक्रीटचा बीम यांच्या सांध्यावर जाणारी बारीक सरळ भेग बहुधा गिलाव्याची असते, तिच्याने घर पडत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघून रुंदावत जाणारी भेग इमारत एका बाजूला बसते आहे असे सुचवते. कॉलमवर उभ्या रेषेत आलेली आणि गंजाचा तांबूस डाग असलेली भेग सर्वांत वाईट, कारण आतले लोखंड फुगू लागले आहे. या तिन्हींवर पुट्टी आणि रंग चढवला की त्या सारख्याच अदृश्य होतात. विक्रीपूर्वी एकाच खोलीला, किंवा एकाच भिंतीला ताजा रंग लावलेला असेल तर अनुभवी माणूस आधी तिकडे वळतो.

सिंहगड रस्त्याच्या परिसरात आता पाण्याची तपासणी यातून वगळता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये गीया-बारे या मज्जासंस्थेच्या विकाराची साथ उद्भवली, ती नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी याच पट्ट्यात. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित पाण्या-अन्नातून जाणारा जिवाणू आढळला. इमारतीला महापालिकेचे पाणी किती, विंधन विहिरीचे किती, टँकरचे किती, आणि जमिनीखालची टाकी सांडपाण्याच्या चेंबरपासून किती अंतरावर आहे, हे प्रश्न आता घराच्या किमतीइतकेच महत्त्वाचे आहेत. पुराचेही तेच. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरले. धायरीचा बराच भाग नदीपासून दूर आणि उंचावर असला, तरी ओढे-नाले तेथेही आहेत, आणि बुजवलेल्या नाल्याचा माग नकाशावर शोधण्यापेक्षा तळमजल्याच्या भिंतीवरील ओलीच्या रेषेत लवकर लागतो.

या तपासणीच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. स्लॅबच्या पोटात किती लोखंड आहे हे डोळ्यांनी दिसत नाही. शंका आली तर रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक चाचणी, प्रसंगी काँक्रीटचा गाभा काढून तपासणे हे पुढचे टप्पे आहेत. ते खर्चाचे आहेत आणि सोसायटीच्या किंवा मालकाच्या संमतीवाचून होत नाहीत. प्रामाणिक तपासनीस आपल्या अहवालात काय पाहिले याइतकेच काय पाहता आले नाही तेही लिहितो. जो सर्व काही उत्तम असल्याचे एका पानात लिहून देतो, त्याचा अहवाल आणि बिल्डरचे माहितीपत्रक यांत फरक उरत नाही.

प्रश्न शेवटी विश्वासाचा आहे, आणि विश्वास केवळ स्वभावावर सोडून चालत नाही. तो व्यवहाराच्या रचनेतून निर्माण करावा लागतो. तपासनिसाची फी ठरीव असावी. घराच्या किमतीवर टक्केवारीने नसावी आणि सौदा होण्या-न होण्याशी तिचा संबंध नसावा. ती घेणाऱ्याने स्वतः द्यावी, दलालाच्या हातून नव्हे. दलालाने सुचवलेला माणूस घेऊ नये, कारण पुढचे कामही त्याला तोच दलाल देणार असतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्याने विक्रेत्याच्या बाजूच्या दलालाला एखाद्या विशिष्ट निरीक्षकाची शिफारस करण्यास मनाई केली आहे, ती याच कारणाने. त्या देशात घरांच्या तपासनिसांची राष्ट्रीय संघटना १९७६ साली स्थापन झाली, आणि अनेक राज्यांत आता त्यासाठी परवाना लागतो. आणखी एक सापळा आपल्याकडे विशेष आढळतो. गळती शोधून देणारा आणि वॉटरप्रूफिंगचे कंत्राट घेणारा एकच असतो. ज्याला दोष सापडण्यात धंदा आहे त्याला दोष सापडणारच. त्याची नजर दलालाच्या उलट दिशेला वळलेली असते, एवढाच फरक.

खर्चाचा आक्षेप नेहमी पुढे येतो. महापालिका हद्दीत पन्नास लाखांच्या खरेदीवर पुरुष खरेदीदाराला मुद्रांक शुल्क, स्थानिक अधिभार व मेट्रो अधिभार मिळून सात टक्के, म्हणजे साडेतीन लाख रुपये भरावे लागतात. वर नोंदणी फीचे तीस हजार. दलालीचे पन्नास हजार ते एक लाख. यांतील एकही रुपया घर कसे आहे हे सांगत नाही. तपासणीची फी काही हजारांत आटोपते, म्हणजे दलालीचा एक अंश. तरीही माणूस नेमका तोच खर्च टाळतो, कारण बाकीचे खर्च सक्तीचे आहेत आणि हा ऐच्छिक आहे. दोष निघाला तर किमतीत घासाघीस करण्यास त्याचा आधार होतो हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. भिंतीतील पाइप बदलण्यास लाख रुपये लागतील, असे सहीनिशी लिहिलेले कागद हातात असलेल्या माणसाशी मालक वेगळ्या रीतीने बोलतो.

दुसरा आक्षेप असा की कायदा आहेच. कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणलेले बांधणीतील व दर्जातील दोष विकासकाने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचे असतात. तरतूद उत्तम आहे. पण दोष ताबा घेतानाच होता की राहणाऱ्याने भिंतीला ड्रिल मारल्यामुळे झाला, हा वाद पहिल्याच पत्रोत्तरात उभा राहतो. ताबापत्रावर सर्व काही समाधानकारक मिळाल्याची छापील ओळ असते आणि किल्ल्यांच्या आनंदात तिच्याखाली सही झालेली असते. त्या दिवशीचा, छायाचित्रांसह, तारीख घातलेला अभियंत्याचा अहवाल जवळ असेल तर पाच वर्षांच्या या हमीला दात येतात. भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा घेण्यास कायद्याने दोन महिन्यांचा अवधी दिला आहे. चांगल्या पाहणीला दोन दिवस पुरतात. पुनर्विक्रीच्या जुन्या घराला तर ही हमी बहुधा संपलेलीच असते. तेथे जे पाहायचे ते इसार देण्यापूर्वीच पाहिले पाहिजे. इमारत पंधरा वर्षांच्या पुढची असेल तर सोसायटीकडे संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागावा; आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हायची असते.

घाई करणारे म्हणतील की तपासणीचा विषय काढला तर मालक दुसऱ्याला घर देईल. करोनाच्या साथीनंतरच्या तेजीत अमेरिकेतही हेच झाले; घर हातचे जाऊ नये म्हणून लोक तपासणीचा हक्क आपणहून सोडू लागले. अखेर मॅसॅच्युसेट्समध्ये ऑक्टोबर २०२५ पासून तपासणी सोडण्याच्या अटीवर घर विकण्यास बंदी आली. धायरीत परिस्थिती इतकी आणीबाणीची नाही. पुनर्विक्रीची घरे तेथे पुष्कळ आहेत आणि मालकालाही गिऱ्हाइकाची गरज असते.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पांत मात्र एकेकट्याने काही होण्यासारखे नाही. स्लॅब पडण्याच्या दिवशी सळ्या मोजल्या तर उपयोग. वर्षाने भिंत ठोकून काय कळणार? पण चाळीस खरेदीदारांपैकी एकाने अभियंता नेमला तर फायदा चाळिसांचा आणि खर्च एकाचा, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो आणि कोणीच नेमीत नाही. सार्वजनिक वस्तूंच्या प्रकरणात हा पेच पाठ करणारे विद्यार्थी पुढे नोकरीला लागून घर घेतात तेव्हा तो विसरतात. कायद्याने यावर एक वाट ठेवली आहे. निम्म्याहून अधिक सदनिकांची नोंदणी झाली की तीन महिन्यांच्या आत खरेदीदारांची संस्था स्थापन होण्यास विकासकाने साहाय्य करायचे असते. इमारत पुरी होण्याची वाट पाहावी लागत नाही. अशी संस्था वेळेवर झाली आणि तिने माणशी दोन-तीन हजार रुपये काढून आपला अभियंता नेमला, तर स्लॅबमागून स्लॅब त्याच्या नजरेखालून जाईल. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यातूनच सुरू केली. किराणा मालाच्या बाबतीत पुणेकरांना जे साधले ते काँक्रीटच्या बाबतीत अशक्य आहे असे नाही.

पुनर्विक्रीचे घर घेणाऱ्याला तेवढेही थांबावे लागत नाही. इसारपावतीत दोन वाक्ये वाढवून घ्यावीत: घेणाऱ्याचा अभियंता पंधरा दिवसांत घराची पाहणी करील व मालक त्याला गच्ची, डक्ट आणि पाण्याच्या टाकीसह सर्व जागा दाखवील, आणि पाहणीत मोठा दोष आढळून किमतीवर एकमत झाले नाही, तर इसाराची रक्कम पूर्ण परत मिळेल. या वाक्यांसाठी वेगळे मुद्रांक शुल्क पडत नाही. ती लिहून देण्यास मालक तयार नसेल तर त्याचे कारण विचारावे, आणि कारण पटले नाही तर पुढचा रविवार दुसऱ्या घरासाठी मोकळा ठेवावा.